मर : वऱ्हाडच्या उभ्या पिकांची कहाणी

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या तोंडी दोन अक्षरांचा एक शब्द आहे : मर. शेत हिरवेगार असते, तूर फुलोऱ्यावर आलेली असते आणि एके दिवशी सकाळी ओळीतील दहा-पाच झाडे माना टाकून उभी असलेली दिसतात. पाहता पाहता ती वाळून जातात. पाने गळत नाहीत, झाड आडवे पडत नाही. ते जागच्या जागी, उभ्यानेच मरते. बांधावरून जाणाऱ्याने विचारले, तर उत्तर एकच मिळते : ‘मर लागली जी.’

हा शब्द फार प्रामाणिक आहे. काय घडले ते तो सांगतो. का घडले याविषयी मौन पाळतो. झाड पाण्यावाचून मेले तरी मर, मुळात बुरशी शिरून मेले तरी मर. तहान आणि बुरशी या दोन वैऱ्यांचा चेहरा शेतात एकसारखाच दिसतो. तो ओळखायला, आणि पुढे या दोघांचे आपसांतील नाते उमगायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा बराचसा भाग अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीशी निगडित आहे. म्हणूनच ती कथा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या दोन संकटांची जोडी तशी जुनीच. पवित्र शास्त्रात मंदिराच्या समर्पणप्रसंगी शलमोन राजा जी दीर्घ प्रार्थना करतो, तीत पाऊस न पडण्याचा उल्लेख येतो आणि लगोलग पिकांवरील करप्याचा व तांबेऱ्याचा. प्राचीन रोमी लोक २५ एप्रिल रोजी गव्हावरील तांबेऱ्याच्या देवतेला बळी देऊन शांत करीत. पुढे ख्रिस्तसभेने त्याच तारखेला, संत मार्कच्या सणादिवशी, लितानी म्हणत मिरवणूक काढण्याचा व पिकांसाठी देवाची करुणा भाकण्याचा प्रघात पाडला. तो विसाव्या शतकापर्यंत चालत आला. शेतकऱ्याचे भय तेच राहिले. त्या भयाची कारणमीमांसा मात्र फार उशिरा सुरू झाली.

आता वऱ्हाडकडे वळू. सातपुड्याच्या गाविलगड रांगा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधील पूर्णेच्या खोऱ्याला पयानघाट म्हणतात. येथील काळी कसदार जमीन पावसाळ्याचे पाणी पोटात साठवते आणि पुढे हिवाळाभर पिकाला पुरवते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर या मातीवर खिळली. १८७० साली खामगावपर्यंत आगगाडी आली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. हे नाव उमरावती, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडलेले. ज्वारीची शेते कपाशीखाली गेली आणि पैसा खेळू लागला.

परंतु ही सारी शेती आभाळाच्या भरवशावर होती. १८९९ साली पावसाने दगा दिला आणि वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती; १९०१ च्या शिरगणतीत ती साडेसत्तावीस लाखांवर उतरलेली आढळली. या आकड्यांवर निराळे भाष्य नको. तहानेने मरणारे पीक माणसालाही कसे बरोबर नेते, ते वऱ्हाडने त्या वेळी पाहिले.

याच सुमारास दुसऱ्या वैऱ्याची चाहूल लागली. १९०८ च्या आसपास नागपूर भागातून कपाशीच्या मरीची नोंद झाली. विशेष हे, की पाऊसपाणी बरे असतानाही झाडे मरत होती. ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानेने मेल्यासारखे का दिसावे?

या प्रश्नाचा छडा लावणाऱ्यांत अग्रेसर होते एडविन जॉन बटलर. ते आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील किलकी गावचे. ज्या देशात १८४५ पासून बटाट्यावरील करप्याने लक्षावधी माणसांचे प्राण घेतले आणि लक्षावधींना परागंदा केले, त्या देशाच्या या सुपुत्राने भारतात येऊन पिकांच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करावा, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. शिक्षणाने ते डॉक्टर होते. बिहारमधील पुसा येथे १९०५ साली स्थापन झालेल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत त्यांनी तुरीच्या मरीवर दीर्घ संशोधन केले आणि १९१० साली ते प्रसिद्ध केले. फ्युजेरियम वंशाची बुरशी मातीत राहते, कोवळ्या मुळांतून आत शिरते आणि खोडातील जलवाहिन्यांत पसरते. बुरशीचे धागे आणि त्यांना अडविण्यासाठी झाडाने स्वतःच निर्माण केलेला डिंकासारखा पदार्थ यांनी त्या वाहिन्या तुंबतात. मुळाशी पाणी आहे, पण ते पानापर्यंत पोचत नाही. म्हणजे बुरशीची मर ही एका परीने तहानच. फक्त ती जमिनीत नसते, झाडाच्या आत असते. अशा झाडाचे खोड उभे चिरले की आतील लाकडावर तपकिरी-काळ्या रेषा स्पष्ट दिसतात. तुरीच्या खोडावर बाहेरूनही जांभळट पट्टा उमटतो.

बटलर यांच्या हाताखाली पुशाला तयार झालेले जहांगीर फर्दुनजी दस्तूर हे पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडचे सरकारी कवकशास्त्रज्ञ म्हणून नागपुरास काम करू लागले. भारतीय वनस्पती-रोगशास्त्रज्ञांच्या पहिल्या पिढीतील हे मोठे नाव. एरंडावरील रोगाच्या अभ्यासातून त्यांनी १९१३ साली एका नव्या बुरशीचे वर्णन केले. मध्यप्रांतातील पानवेलींच्या रोगांवरील त्यांचे लेखनही प्रसिद्ध आहे. वसई परिसरातील ज्या वाचकांच्या वाडवडिलांनी पानमळे राखले, त्यांना मुळाशी कुजून एकाएकी सुकणाऱ्या वेलीचे दुःख वेगळे सांगायला नको.

पुशालाच त्या काळी दुसरा एक विद्वान होता, अल्बर्ट हॉवर्ड. त्याचे मत निराळे होते. हॉवर्डचे मूळ शिक्षण कवकशास्त्राचेच. तरी त्याचे म्हणणे असे, की बुरशी ही गुन्हेगार कमी आणि साक्षीदार अधिक. मातीत हवा खेळत नाही, मूळ गुदमरते किंवा उपाशी राहते, झाड दुबळे होते आणि मग बुरशीचे फावते. सुदृढ मातीतील सुदृढ झाड रोगाला सहसा बळी पडत नाही. पुढे १९२४ पासून इंदूर येथील संस्थेत कपाशीवर काम करताना त्याने कंपोस्ट खताची पद्धत सिद्ध केली. बटलर म्हणत बुरशी पाहा. हॉवर्ड म्हणे मूळ आणि माती पाहा. हे दोन दृष्टिकोन वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढील सारी कथा या दोघांच्या मध्ये घडते.

आरंभी सरशी बटलर यांच्या बाजूची झाली, आणि ते साहजिकही होते. मातीतील बुरशीला औषध नव्हते. उपाय एकच होता, रोगाला दाद न देणारे बियाणे शोधणे. अमेरिकेत ऑर्टन यांनी मरीने ओसाड पडलेल्या कपाशीच्या शेतांतून जिवंत राहिलेली झाडे निवडून त्यांचे बी पेरण्याचा मार्ग दाखविला होता. त्याला शास्त्रीय बैठक मिळाली ती ब्रनो येथील मठात वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करणाऱ्या एका ऑगस्टिनियन धर्मगुरूमुळे. फादर ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेला आनुवंशिकतेचा सिद्धांत जगाने सुमारे पस्तीस वर्षे दुर्लक्षिला. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला आणि १९०५ साली इंग्लंडमध्ये बिफेन यांनी दाखवून दिले, की गव्हाची तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्तीही मेंडेलच्या नियमानुसारच पिढ्यान्‌पिढ्या उतरते. मठाच्या बागेतील ते वाटाणे अशा रीतीने शेतकऱ्यांच्या उपयोगी पडले.

आपल्याकडेही मुद्दाम रोगट केलेल्या जमिनीत हजारो रोपे लावायची, मरतील ती मरू द्यायची आणि उरतील त्यांचे बी धरायचे, असा क्रम सुरू झाला. पुण्याला कुलकर्णी आणि उप्पल या शास्त्रज्ञांनी मातीचे तापमान काटेकोर राखून ही परीक्षा अधिक विश्वसनीय केली. खानदेशात जळगावच्या शेतीकेंद्रावर ‘जरीला’ हा मरीला तोंड देणारा वाण तयार झाला आणि १९३० नंतरच्या काळात तो खानदेशातून वऱ्हाडातही पसरला. मुंबईच्या कापूस बाजारात या नावाचा स्वतंत्र सौदा चाले, एवढी त्याची ख्याती होती.

हे सारे देशी कपाशीविषयी झाले. अमेरिकी जातीच्या कपाशीला भारतातील ही फ्युजेरियमची मर जवळजवळ बाधतच नाही, असेही दिसून आले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कपाशीचे संकरित वाण आले, २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली आणि देशी कपाशी वऱ्हाडातून बहुतांशी हद्दपार झाली. तिच्याबरोबर कपाशीची जुनी मरही मागे पडली. एक वैरी जिंकला, असे वाटले. येथेच कथेला वळण मिळते.

ते वळण समजण्यासाठी अकोल्याला जाऊ. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री होते. १९६५ साली त्यांचे निधन झाले. विदर्भाला स्वतःचे कृषी विद्यापीठ हवे, ही मागणी त्या काळात जोर धरीत होती. १९६७ साली त्यासाठी अकोल्यात आंदोलन पेटले आणि माणसांना त्यात प्राण गमवावे लागले. शाळा-महाविद्यालयांसाठी झगडणारे समाज पुष्कळ आहेत. शेतीशास्त्राच्या विद्यापीठासाठी रक्त सांडणारी भूमी विरळा. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पंजाबरावांचे नाव आहे.

या विद्यापीठात, तसेच देशातील इतर संशोधन संस्थांत, वनस्पती-रोगशास्त्राच्या जोडीला वनस्पतींच्या शरीरक्रियांचे शास्त्रही शिकविले जाऊ लागले. या शास्त्राचा उगम फार जुना. इंग्लंडमधील टेडिंग्टन गावचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाचे झाड कुंडीसह तोलून ते दिवसाकाठी किती पाणी हवेत सोडते याचा हिशेब १७२७ साली मांडला. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाणी वाफ होऊन जाते, आणि त्या ओढीनेच मुळांतून नवे पाणी वर चढते. पाणी तुटले की झाड ही रंध्रे मिटून घेते. पण रंध्रे मिटली की हवेतील कर्बवायूही आत येत नाही, अन्न तयार होणे थांबते. तहान टाळायची तर उपास पत्करायचा, अशी ही कोंडी आहे. रंध्रे मिटण्याचा निरोप देणारे द्रव्य, अ‍ॅबसिसिक आम्ल, शास्त्रज्ञांनी १९६३ साली वेगळे काढले ते कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने जन्मभर हाताळलेल्या बोंडात त्याच्या कपाशीच्या तहानेचे गुपित दडलेले होते.

या दृष्टीने पाहता देशी आणि अमेरिकी कपाशीचा फरक ध्यानात येतो. देशी कपाशीचे मूळ खोल जाते. ती कोरड सोसते, पण फ्युजेरियमला बळी पडते. अमेरिकी कपाशी फ्युजेरियमला जुमानत नाही, पण तिला पाण्याचा ताण लवकर जाणवतो. शिवाय तिच्यात एक नवीच मर दिसू लागली. पावसाचा मोठा खंड पडावा, ऊन तापावे, झाडावर बोंडे लदलेली असावीत आणि अशातच जोराचा पाऊस व्हावा किंवा भरपूर ओलित द्यावे. की एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच, झाड माना टाकते. खोड चिरले तर आत तपकिरी रेषा नाहीत. बुरशी सापडतच नाही. हिला आकस्मिक मर म्हणतात. पाण्याने तुंबलेल्या मातीत मुळाला हवा मिळत नाही आणि वरची मागणी मूळ पुरवू शकत नाही, हे तिचे कारण. बटलर येथे निरुत्तर झाले असते. हॉवर्डने मान डोलावली असती.

उलट, ज्वारीचा खडखड्या रोग या दोघांनाही एकत्र आणतो. ज्या बुरशीने तो होतो तिचे काळे सूक्ष्म कण मातीत वर्षानुवर्षे पडून असतात. जमिनीत ओल आहे तोवर ज्वारीचे ती फारसे काही बिघडवीत नाही. पण कणसात दाणा भरू लागतो, त्याच वेळी ओल संपते, ऊन वाढते. झाड दाण्यासाठी खोडातील साखर ओढून घेते. खोड दुबळे होते आणि बुरशी आत शिरते. खोडातील गर फाटून धागे धागे होतात, त्यांवर कोळशाची पूड माखल्यासारखी दिसते, आणि वारा आला की झाड कोलमडते. येथे केवळ बुरशी दोषी नाही, केवळ तहानही नाही. तहान दार उघडते आणि बुरशी घरात शिरते. सोयाबीनच्या मुळांनाही हीच बुरशी ग्रासते, तीही बहुधा अशाच उघडिपीत.

वऱ्हाडात तहानेचे आणखी एक रूप आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही तीरांना खारपाणपट्टा पसरला आहे. त्याचे क्षेत्र साडेचार लाख हेक्टरांहून अधिक. येथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारे. मातीतील क्षारांमुळे पाणी जवळ असूनही मुळाला ते ओढून घेता येत नाही. पाणी असून तहानलेले राहणे म्हणजे काय, हे येथील माणसांना आणि पिकांना सारखेच ठाऊक आहे.

तहान हा नेहमी वैरीच असतो असेही नाही. अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीकडे गेल्यास संत्र्याच्या बागा दिसतात. तेथील बागाईतदार आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाचे पाणी हेतुपुरस्सर तोडतात. याला ताण देणे म्हणतात. झाडाची पाने फिकटतात, वाढ थांबते, साठा होतो. मग पाणी सोडले की झाड फुलांनी डवरते. शास्त्रज्ञ ज्याला प्रयोगशाळेत मोजतात, ते येथील माळकरी पानाच्या रंगावरून ओळखतो. परंतु ताण लांबला तर झाड खचते. आणि ताण तोडताना बुंध्याशी पाणी साचले तर दस्तूरांनी अभ्यासलेल्या बुरशीच्या कुळातील बुरशी साल कुजविते व डिंक्या रोग होतो. म्हणूनच बुंध्याभोवती दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवायचे, आणि सालीला बोर्डो मलम लावायचे. जमिनीतील पाणी खोल गेल्याने अलीकडच्या दुष्काळांत या भागातील कित्येक बागा वाळल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. वऱ्हाडचा जुना शेतकरी कपाशीच्या, ज्वारीच्या ओळींमध्ये तुरीचे पाटे टाकी. हा त्याचा अडाणीपणा आहे, एका शेतात एकच पीक घ्यावे, असे शिकलेली माणसे एके काळी सांगत. पुढे हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतील प्रयोगांत आढळले, की ज्वारीच्या सोबतीने पेरलेल्या तुरीत मर पुष्कळच कमी होते. आजोबांना बुरशीचे नाव माहीत नव्हते. पण शेजार कोणाचा द्यावा हे माहीत होते. १९९० नंतर सोयाबीनने वऱ्हाडातील खरीप ज्वारीला मागे सारले. चार पैसे मिळाले, हे खरे. पण जनावरांचा कडबा गेला, घरची भाकर गेली आणि तुरीचा हा राखणदारही गेला. त्याची उणीव भरून काढण्यासाठी आता मरीला तोंड देणारे वाण आहेत, बियाण्याला चोळायची ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आहे. ती साधने चांगलीच आहेत. तथापि जे फुकट मिळत होते, ते आता विकत घ्यावे लागते.

आणि हा प्रश्न पैशाचाच नाही. १९९० नंतरच्या दशकांत विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. त्यांची कारणे अनेक आहेत. एका रोगाच्या माथी ती मारणे अन्यायाचे होईल. पण कर्जाचा डोंगर लहान लहान दगडांनीच उभा राहतो. झाड तहानेने मरत असता बुरशीचे औषध फवारणे हा त्यातला एक दगड. बुरशीने तुंबलेल्या झाडाला तहानेले समजून पाणी देत बसणे हा दुसरा. मर एकच दिसते म्हणून उपायही एकच, असे मानण्याची किंमत येथे घराला मोजावी लागते.

आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आजही मातीशी बांधलेली आहेत, आणि अनेकांची मुले कृषी महाविद्यालयांत शिकत आहेत. त्या सर्वांना आमचे एवढेच सांगणे आहे. झाडाने मान टाकली, तर दुकानात जाण्यापूर्वी ते उपटावे आणि त्याचे खोड उभे चिरून पाहावे. आत काळपट रेषा आहेत, कोळशाची पूड आहे, की लाकूड स्वच्छ पांढरे आहे? मागील आठवड्यात पाऊस कसा होता, मुळाशी ओल किती आहे, शेजारच्या ओळीत काय पेरले आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळवायला विळा आणि थोडा धीर पुरतो.